चाकूच्या पाठीने फायरस्टीलमधून ठिणगी काढायची कशी: नवख्यांसाठी

फायरस्टील, म्हणजे खरवडला की ठिणग्या देणारा धातूचा रॉड, नवीन घेतलं की पहिल्या दिवशीची तक्रार ठरलेली असते. "व्हिडिओत ठिणग्यांचा पाऊस पडतो, माझ्याकडून दोन-चार उडतात आणि हवेतच विझतात." मग रॉड डुप्लिकेट निघाला असं समजून लोक तो परत पाठवतात. रॉड बहुतेक वेळा ठीकच असतो. घोडं पेंड खातं ते चाकूच्या पाठीपाशी, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या कडेपाशी. पाठ नीट असली आणि हाताची घाई सुटली की शाळकरी पोरालाही हे जमतं. दंडाच्या ताकदीचा फारसा संबंध नाही.

हा लेख सह्याद्रीत भटकणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे, कारण आपल्याकडे काडेपेटी सादळण्याचे चार महिने हमखास असतात. पण सराव घरच्या अंगणात करा. गडावर का नको, ते दहाव्या भागात येईल.

आधी एवढं समजून घ्या

जुन्या चकमकीत गारगोटी आणि पोलाद एकमेकांवर घासून आपटायचे. गार कठीण, त्यामुळे ती पोलादाचे सूक्ष्म कण उडवते आणि ते कण तापून लाल ठिणगी होतात. ही ठिणगी मवाळ असते. ती अर्धवट जाळलेल्या सुती कापडावर झेलून फुंकून वाढवावी लागते.

फायरस्टीलचा हिशेब उलटा आहे. इथे ठिणगी चाकूची नसते, रॉडची असते. रॉड फेरोसेरियम नावाच्या मिश्रधातूचा: सिरियम, लँथेनम यांसारखे धातू आणि त्यात लोखंड. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. वरातीत डोक्यावरून नेतात त्या गॅसबत्तीचं मँटल हाही याच माणसाचा शोध. सिगारेटच्या लायटरमध्ये चाकाखाली जो बारीक 'दगड' असतो, तोही दगड नव्हे, फेरोसेरियमच.

रॉडवरून कठीण कड दाबून ओढली की धातूचे बारीक कीस निघतात. घर्षणाने ते तापतात, आणि सिरियम २०० अंश सेल्सिअसच्या आतच हवेत पेट घेत असल्यामुळे जळायला लागतात. जळताना त्यांचं तापमान ३,००० अंशांच्या आसपास जातं. म्हणून रॉड पाण्यात पडला तरी बिघडत नाही. पुसला की तयार.

यातून दोन गोष्टी ठरतात. एक, आपटायचं नाही, तासायचं. सुताराचा रंधा चालतो तसं. दोन, चाकू कार्बन स्टीलचाच हवा ही समजूत जुन्या चकमकीवरून आलेली आहे. इथे स्टेनलेस चालतं, फुटक्या काचेची कडसुद्धा चालते. कड कठीण आणि कोरदार असली की झालं.

१. सामान जमवा

- फायरस्टील रॉड: ८ ते १० मिलिमीटर जाड, निदान ८ सेंटिमीटर लांब. कीचेनला लटकवायचे काडीएवढे रॉड नवख्याच्या हातात तुटतात.
- न दुमडणारा चाकू, पातं साधारण १० सेंटिमीटर, पाठ २ ते ३ मिलिमीटर जाड.
- सपाट कानस किंवा धार लावायचा दगड.
- चिकटपट्टी, धारेवर गुंडाळायला.
- औषधाच्या दुकानातला साधा कापूस आणि व्हॅसलीन.
- पाण्याची बादली. ही यादीत शेवटी आली असली तरी सर्वांत आधी भरून ठेवा.

खरेदीतला एक सापळा. ऑनलाइन बाजारात 'मॅग्नेशियम रॉड' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे फेरोसेरियमचाच रॉड, नावापुरता मॅग्नेशियम. दुसरी म्हणजे मॅग्नेशियमची चपटी वडी, जिच्या एका कडेला फेरोसेरियमची बारीक पट्टी चिकटवलेली असते. वडी खरवडून भुकटी गोळा करायची आणि पट्टीची ठिणगी त्यावर पाडायची, असा तो प्रकार. नुसतं मॅग्नेशियम कितीही घासलं तरी ठिणगी देत नाही. ती भुकटी वाऱ्याच्या एका झुळकेत उडून जाते, तेव्हा पहिल्यांदा शिकताना वडीच्या वाटेला जाऊ नका.

रॉडसोबत दातेरी पत्र्याची एक पट्टी मिळते. ती फेकू नका. चाकू नेता येत नाही तिथे ती उपयोगी पडते. पट्टी नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं हॅक्सॉ ब्लेड घ्या आणि बोटभर लांबीचा तुकडा मोडून ठेवा. त्याची मोडलेली कड कित्येक महागड्या चाकूंपेक्षा सरस चालते.

२. चाकूची पाठ तपासा

इथे सगळं ठरतं, म्हणून इथे वेळ घाला.

पातं उताणं धरून पाठीवरून अंगठ्याचं नख आडवं ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर पाठ कोरदार आहे. नख नुसतं घसरलं तर कडा गोल आहेत. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच चाकूंच्या पाठीच्या कडा मुद्दाम मारलेल्या असतात, कारण लाकूड कोरताना अंगठा पाठीवर टेकतो आणि कोरदार कड बोचते. 'मोरा' या स्वीडिश कंपनीच्या 'गार्बर्ग'सारख्या काही चाकूंची पाठ मात्र कारखान्यातच यासाठी घासून काटकोनी केलेली असते. स्वयंपाकघरातल्या सुरीची पाठ पातळ असते, कडा बोथट असतात आणि पातं लवतं. तिच्यावर वेळ घालवू नका.

काळा रंग किंवा लेप दिलेलं पातं असेल तर पाठीवरचा तेवढा लेपही काढावा लागतो. लेपावरून रॉड घसरतो.

३. पाठ काटकोनी करा

धारेवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. पातं व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन चिपांमध्ये पकडा, पाठ वर. व्हाइस नसेल तर दगड टेबलावर ठेवून पाठ त्यावर उभी घासा. कानस पाठीला अगदी सपाट टेकवून लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला ढकला. कानस डुगडुगली की कडा पुन्हा गोल होतात, आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

सगळी पाठ करायची गरज नाही. मुठीजवळचा ४-५ सेंटिमीटरचा पट्टा पुरे. टोकाकडची पाठ तशीच गुळगुळीत राहू द्या, म्हणजे लाकूड कापताना अंगठा ठेवायला जागा राहते.

पोलाद फार कठीण असेल तर साधी कानस नुसती किंचाळत वरून सरकते. तेव्हा धार लावायचा दगड किंवा हिऱ्याची कानस वापरा. विजेचा ग्राइंडर मात्र नको. पातळ पातं क्षणात तापतं, निळसर होतं, आणि निळं झालं की तिथलं पाणी उतरलं. मग ती कड मऊ पडते आणि सारखी बसते. बाहेरून धार लावून घेत असाल तर कारागिराला हे आधी सांगा.

घासून झाल्यावर पुन्हा नख फिरवा. कडेला बारीक कंगोरा राहिला असेल तर तो लगेच साफ करू नका, पहिले काही दिवस तो उलट मदतच करतो.

४. रॉडचा काळा थर काढा

नव्या रॉडवर गंज लागू नये म्हणून काळा लेप असतो. त्यावर ठिणगी पडत नाही. पाठीने एकाच बाजूला दाबून ओढत राहा. सुरुवातीला काळी भुकटी पडेल, मग करडी चमक दिसेल आणि ठिणग्या सुरू होतील. फक्त एकच बाजू उघडी करा, बाकीचा लेप हवेपासून रॉड जपतो.

५. पकड

चाकू ज्या हाताने चालवता त्याच हातात. पाठ रॉडकडे, धार वर आणि तुमच्यापासून लांब. दुसऱ्या हाताची बोटं रॉडच्या दांड्यामागे, म्हणजे पातं घसरलं तरी तिथे बोट नसेल. धारेने रॉड कधीही खरवडू नका. ठिणगी मस्त पडते हे खरं, पण धारेला दाते पडतात आणि चाकू कांद्यालाही नको होतो.

आता खरा धोका. पाठीवर दाब दिला की दुमडणारं पातं मिटण्याच्या दिशेने ढकललं जातं, म्हणजे थेट तुमच्या बोटांवर. नुसत्या स्प्रिंगवर उघडं राहणाऱ्या खिशातल्या चाकूचं धारेचं पातं या कामाला वापरूच नका. स्विस चाकूतल्या करवतीची पाठ ठिणगीला फार छान असते आणि बरेच जण तीच वापरतात, पण तिथेही दाब मुठीला लागून असलेल्या भागावर ठेवा, टोकाकडे नाही. टोकाकडे जाल तितका मिटण्याचा जोर वाढतो.

६. कोन आणि ओढ

पातं रॉडवर आडवं ठेवा. आता ते थोडं कलतं करा, इतकं की पाठीची सगळी रुंदी न टेकता फक्त एक कड टेकेल. साधारण ४५ ते ६० अंश म्हणता येईल, पण अंश मोजत कोणी बसत नाही. कानाने ओळखा. कर्कश किंचाळत घसरलं तर पातं फार आडवं झालंय. अडखळत, टकटक करत गेलं तर फार उभं. बरोबर कोनात खसखशीत, भरीव आवाज येतो आणि हाताला रॉड चावल्यासारखा जाणवतो.

ओढायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली: चाकू स्थिर, रॉड मागे. रॉडचं टोक बोळ्याजवळ (ठिणगी झेलणारा कापूस किंवा तंतू, पुढे भाग ७ मध्ये) ठेवा, पाठ त्यावर दाबून चाकूचा हात गुडघ्याला किंवा जमिनीला टेकवा, आणि रॉड स्वतःकडे ओढा. चाकू हलत नाही, म्हणून बोळ्याला धक्का लागत नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. रॉड स्थिर ठेवून चाकू जोरात पुढे मारला की शेवटी हात बोळ्यावर आदळतो आणि मेहनतीने रचलेलं सगळं विस्कटतं. हे सगळ्यांचंच होतं.

दुसरी: अंगठ्याची ढकल. रॉडचं टोक बोळ्यात रोवा, रॉड पक्का धरा. पाठ रॉडवर ठेवून रॉडच्या हाताचा अंगठा पात्याच्या सपाट अंगाला, पाठीच्या जवळ टेकवा आणि अंगठ्यानेच पातं हळू, भरपूर दाबत दोन-तीन सेंटिमीटर पुढे ढकला. धार अंगठ्याच्या उलट बाजूला आहे ना, हे दर वेळी बघून घ्या. यात ठिणग्या कमी पण जाड पडतात, आणि सगळ्या एकाच जागी.

वेगाबद्दल: जोरात, झटकन ओढलं की देखणा फवारा उडतो. फोटोला उत्तम. पण त्या ठिणग्या बारीक असतात आणि वाटेतच जळून संपतात. सावकाश आणि दाबून ओढलं की जाड कीस निघतो आणि तो खाली पडल्यावरही क्षणभर जळत राहतो. जाळ पेटतो तो या जमिनीवर टिकणाऱ्या ठिणगीने. अंधार पडताना फरशीवर किंवा दगडावर सराव करा आणि हवेत बघू नका, खाली बघा. पडलेली ठिणगी तडतडत पांढरी जळताना दिसली की हात बसायला लागला.

ओढ दर वेळी रॉडच्या बऱ्याच लांबीवरून घ्या आणि अधूनमधून रॉड थोडा फिरवा. एकाच जागी घासत राहिलं की खाच पडते, पातं तिथे अडकतं आणि रॉड शेवटी तिथेच मोडतो.

सराव करताना अंगात सुती कपडे असू द्या. ट्रेकचं सिंथेटिक जॅकेट, तंबू, झोपायची पिशवी यांना एका ठिणगीने भोक पडतं. चष्मा असेल तर घाला.

७. ठिणगी झेलणारा बोळा

ठिणगी काढणं हे निम्मं काम. ती क्षणार्धाची पाहुणी असते. तिला धरायला केसाएवढे बारीक, कोरडे, फुललेले तंतू लागतात. वर्तमानपत्राचा कागद, पानं, काटक्या यांवर थेट ठिणगी पाडून काही होत नाही.

कापूस: बोटाने पिंजून अगदी ढगासारखा मोकळा करा. घट्ट बोळा पेटत नाही. निम्म्या भागात व्हॅसलीन चोळा आणि निम्मा कोरडा ठेवा. कोरडा भाग ठिणगी धरतो, व्हॅसलीनचा भाग काही मिनिटं जळत राहतो. सगळा व्हॅसलीनमध्ये माखला तर पेटायलाच मागत नाही. मेकअपच्या चकत्यांमधला 'कापूस' कधीकधी कृत्रिम धाग्याचा असतो. तो वितळतो, जळत नाही.

कापूर: चुरून पिंजलेल्या कापसात मिसळला तर चटकन धरतो. घरात असतोच, पण डबी घट्ट ठेवा, नाहीतर तो उडून जातो.

नारळाची शेंडी: कोकणात याच्याइतकं सोपं काही नाही. सुकी शेंडी उलगडून तळहातांत चोळा. जाड काथ्या बाजूला काढा, मधे जो बारीक कोंडा आणि मऊ तंतू उरतात ते एकत्र करा.

काटेसावरीचा कापूस: उन्हाळ्यात बोंडं फुटून जमिनीवर पडतो. ठिणगी लागताच भप्पकन पेटतो आणि तितक्याच पटकन संपतो. एकटा वापरू नका, शेंडीच्या तंतूंमध्ये मिसळा.

वाळलेला बांबू: इथे काटकोनी केलेली पाठ दुसऱ्यांदा कामाला येते. सुक्या बांबूच्या बाहेरच्या सालीवर पाठ उभी धरून दाबून खरवडा. आधी धूळ निघेल, मग लोकरीसारखा कीस निघायला लागेल. मूठभर जमला की त्याचा घट्ट नाही, सैल गोळा करा. पाठ गोल असेल तर हा कीस निघतच नाही, त्यामुळे पाठ तपासायची ही दुसरी कसोटी समजा.

पावसाळ्यात जमिनीवरचं काही उचलू नका. झाडाला अडकलेली, सुकलेली फांदी शोधा, ती फोडा आणि आतल्या कोरड्या लाकडाची धारेने बारीक, कुरळी साल काढा. तरीही कापूस-व्हॅसलीनची एक डबी पिशवीत हवीच. जुलैमधल्या माळशेज-ताम्हिणीत निसर्गाच्या भरवशावर राहणाऱ्याला माझा दुरून नमस्कार.

रॉकेल, पेट्रोल यांवर ठिणगी पाडायचा विचारही नको. सॅनिटायझरची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, तेव्हा तोही नको.

८. ठिणगीपासून जाळापर्यंत

बोळा पेटायच्या आधी सगळं जळण हाताशी रचलेलं असू द्या: आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. ज्योत आली की बारीक काटक्या वरून सैल ठेवा. फुंकायचं हळू, बुडाशी.

खरं सांगायचं तर ट्रेकमध्ये फायरस्टीलचा रोजचा उपयोग गॅसचा छोटा स्टोव्ह पेटवायला होतो. स्टोव्हचं खटका-बटण दमट हवेत रुसतं, रॉड रुसत नाही. तोंड बाजूला घ्या, रॉडचं टोक बर्नरच्या कडेला आणा, चावी थोडीशीच उघडा आणि लगेच एक ओढ. आधी गॅस सोडून मग रॉड शोधत बसू नका. आणि हे तंबूच्या आत कधीच नाही.

९. जमत नसेल तर

ठिणगीच नाही: रॉडचा काळा लेप शिल्लक आहे किंवा पाठ गोल आहे. हॅक्सॉचा तुकडा लावून बघा. त्याने ठिणगी आली तर दोष चाकूचा.

ठिणग्या भरपूर, पण बोळा पेटत नाही: वेग कमी करा, दाब वाढवा, रॉडचं टोक बोळ्याला टेकवा. एक वीत लांबून ठिणगी पोचेपर्यंत विझते. आणि कापूस पुन्हा पिंजा.

काल चाललं, आज नाही: रॉड तसाच ओला ठेवला असेल तर वर राखाडी पापुद्रा आलेला असतो. दोन-चार वेळा जोर लावून खरवडा.

हात दुखतो: तुम्ही अजून आपटताय.

१०. कुठे पेटवायचं नाही

राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने मनाई आहे. हरिश्चंद्रगड, कळसूबाईचा परिसर अभयारण्यातच येतो. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत डोंगरउतारावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की पडलेली एक जाड ठिणगी पुरते, आणि तुम्ही तर जाड ठिणगी पाडायलाच शिकला आहात. गडावरच्या गुहा-लेण्यांत तर अजिबात नाही. भिंतीवर चढलेली काजळी निघत नाही. खाली गावात मुक्काम असेल तर ज्यांचं अंगण किंवा शेत आहे त्यांना विचारा, पेटवा, आणि निघताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा.

चाकूबद्दलही: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला, घरकाम-शेतीकामाचं हत्यार नसेल तर, शस्त्र कायद्याखालचा परवाना लागू शकतो. या कामाला त्याच्या निम्मं पातंही भरपूर होतं. आणि ट्रेकला मेट्रोने निघणार असाल तर चाकू तपासणीत अडतो. त्या दिवशी हॅक्सॉचा तुकडा घ्या.

११. रॉडची निगा

फेरोसेरियम खाऱ्या हवेत खराब होतं. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी वापरानंतर रॉड पुसून, उघड्या भागावर खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं. बरेच दिवस लागणार नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या; पुढच्या वेळी दोन ओढींत तो निघून जातो. चाकूच्या चामडी म्यानाला रॉडसाठी कप्पा असेल तर पावसात भिजलेल्या म्यानात रॉड ठेवू नका, चामडं आतून बरेच दिवस ओलं राहतं. आणि सरावानंतर फरशीवर पडलेला करडा भुगा झाडून पाण्यात टाका. न जळलेले कणही त्यात असतात, तेव्हा तो कोरड्या कचऱ्यात नको.